गजभिये काकांचा मिस्त्री

गजभिये काका घरी येणार म्हटलं की आई आधी सगळ्या घरातून एक चक्कर मारायची. कुठलं दार करकरतंय, कुठला नळ गळतोय, पंखा आवाज करतोय का, सगळं बघून घ्यायची. कारण काका आत आले की बसायचेच नाहीत. खुर्ची पुढे केली तरी उभेच. मान किंचित तिरकी करून काहीतरी ऐकायचे आणि म्हणायचे, "हे बराबर नाही." खिशात दोन पेनं आणि त्यांच्या शेजारी एक छोटा पेचकस असायचा. तो बाहेर निघाला की पुढचा अर्धा तास गेलाच. आई चहा घेऊन उभी आणि काका स्टुलावर चढून पंख्याचा स्क्रू आवळतायत, हे चित्र मी लहानपणी किती वेळा पाहिलं असेल! शेवटी खाली उतरून तो गार झालेला चहा प्यायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "चहा बराबर नाही झाला, वहिनी."

काका आणि माझे बाबा दोघेही भंडाऱ्याकडचे. एकाच सुमारास रेल्वेत लागून लखनौला आले आणि इथलेच झाले. बाबा हिशेबाच्या खात्यात, काका कारखान्यात. इंजिनाला ब्रेक लावायला जी दाबाची हवा लागते, ती तयार करणारे कॉम्प्रेसर आणि त्यांचे व्हॉल्व्ह यांच्यात काकांची पस्तीस वर्षं गेली. विकास नगरात आमची घरं दोन गल्ल्या सोडून होती. इतकी वर्षं इथे राहूनही काकांचं 'मले-तुले' सुटलं नव्हतं. हिंदी बोलताना मात्र सब्जीवाल्या भैयालाही 'आप' म्हणायचे, आणि त्याच नम्रपणे त्याचा तराजू बराबर नाही हेही सांगायचे.

खरं सांगायचं तर हा माणूस वैताग आणायचा. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मांडवातली वीज बंद करायला लावली होती. वऱ्हाड येऊन बसलेलं, विहारातले भंतेजी ताटकळलेले, आणि काका गालिचा उचलून वायर तपासतायत. सगळे चिडले. बाबाही म्हणाले, "पुंडलिक, आज तरी राहू दे." काकांनी ऐकलं नाही. गालिच्याखाली, जिथे केटररच्या माणसांनी पाणी सांडलं होतं, तिथेच एक वायर उघडी पडलेली निघाली. त्यांनी ती बांधली, हात पुसले आणि पंगतीत जाऊन बसले. त्यांना कोणी धन्यवाद दिले नाहीत. उशीर मात्र पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्यांच्या वाट्याला नेहमी असंच यायचं.

आम्हा मुलांना काका आवडायचे ते एका पुस्तकामुळे. शाळेत असताना त्यांना ते बक्षीस मिळालं होतं. परदेशातली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गाजलेली कादंबरी, कोणीतरी थोडक्यात मराठीत आणलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी त्यांच्या व्हरांड्यात कूलरसमोर आम्ही पाच-सहाजण बसायचो आणि काका ती वाचून दाखवायचे. आम्हाला मराठी कळायची, पण प्रश्न आम्ही हिंदीत विचारायचो. काका उत्तर मराठीतच द्यायचे.

गोष्ट अशी होती. एक म्हातारा शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी उतरणारं लोखंडी जहाज बांधतो. सोबत त्याची पुतणी, एक तरुण खलाशी आणि एक मिस्त्री. तळाशी त्यांना उजेड देणारी जंगलं दिसतात, बुडालेलं शहर दिसतं, नाना संकटं येतात. मग जहाज चिखलात रुततं आणि हवा संपत येते. खालच्या कोठडीत थोडी हवा उरलेली असते आणि ती वर ढकलणारा एक हातपंप असतो. तो चालू राहिला तरच वरच्यांना श्वास घेता येणार. मिस्त्री खाली उतरतो, मधलं झाकण आतून लावून घेतो आणि पंप मारत राहतो. वरचे तिघे वाचतात. तो वाचत नाही. पुस्तकात शास्त्रज्ञाला नाव होतं, पुतणीला होतं, खलाशाला होतं, जहाजालासुद्धा होतं. मिस्त्री मात्र नुसता मिस्त्री.

ते शेवटचं प्रकरण वाचताना काका पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचे आणि दोन्ही हातांनी पंप मारून दाखवायचे. तोंडाने आवाज नाही, काही नाही. फक्त हात आणि श्वास. एकदा मी विचारलं, "काका, उसका नाम क्यों नहीं है?" ते म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या ध्यानात नाही आलं. पण त्याले खाली उतरवलं तर खरं त्यानं. दुसऱ्या कोणी तेवढंही लिहिलं नसतं." तेव्हा मला यातलं फारसं कळलं नाही. पुढे बाबांकडून कळलं की कारखान्यात काकांनी एका व्हॉल्व्हमध्ये सुधारणा केली होती आणि तिचं प्रमाणपत्र दुसऱ्याच साहेबाच्या नावाने भिंतीवर लागलं होतं. काका स्वतः ते कधी बोलले नाहीत.

मी मोठी झाले, कलाशाखेचं शिकले आणि सिनेमाच्या कलाविभागात कामाला लागले. लखनौत आता वर्षभर कुठे ना कुठे शूटिंग चालू असतं. मुंबईहून युनिट येतं, त्यांना इथली माणसं लागतात. सेट उभा करायचा, सामान जमवायचं, सुतार-वेल्डर आणायचे, ही कामं माझी. आणि एक दिवस माझ्या हातात जी पटकथा पडली ती त्याच कादंबरीवरची होती. त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. अजूनही ते नुसतं आठवलं तरी माझं डोकं भणभणतं. पण तेव्हा मी आनंदाने वेडी झाले होते. तशीच स्कूटी काढून काकांकडे गेले.

काकांनी पटकथेचा गठ्ठा हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "मिस्त्री आहे यात?"

"आहे काका. चांगले नऊ सीन आहेत."

ते आत गेले, पुस्तक घेऊन आले. खाकी कव्हर घातलेलं, तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या घरासमोर हजर. "चाल, कुठं बनून राहिलं ते जहाज?"

जहाज बनत होतं सरोजिनी नगरात, कानपूर रोडच्या आत एका भाड्याच्या शेडमध्ये. प्लाय आणि फायबरचं, वरून लोखंडासारखा रंग दिलेलं. काकांनी त्याला एक फेरी मारली. मग दरवाज्यापाशी थांबले. मला पुढचं माहीत होतं.

"हे बराबर नाही."

डायरेक्टर साहेब जवळच उभे होते. पस्तिशीचा हुशार माणूस, बोलायला गोड. "क्या हुआ अंकल?"

काकांनी समजावून सांगितलं. समुद्राच्या तळाशी बाहेरून पाण्याचा एवढा दाब असेल, तर दरवाजा बाहेर उघडणारा हवा. पाणीच त्याला चौकटीवर दाबून धरेल. हा आत उघडतोय. पहिल्याच मिनिटाला पाणी आत येईल.

साहेब हसले. "अंकल, पब्लिक ये सब नहीं देखती."

"आप तो देखते हैं ना?" काका म्हणाले.

दरवाजा तसाच राहिला, कारण कॅमेऱ्याची जागा त्यावर ठरली होती. काका जिन्यावर बसून राहिले. मला वाटलं, आता हे उठून जाणार. पण त्यांनी मला बोलावून विचारलं, "पंप कोण बनवून राहिलं?" पंप म्हणजे एका पाइपला लावलेला दांडा होता. काका म्हणाले, "हा मी बनवतो."

त्यांनी तीन आठवडे घेतले. भंगारातून एक जुना सिलिंडर आणला, चामड्याचा वायसर स्वतः कापून बसवला, दांड्याला लाकडाची मूठ केली आणि ती घासून घासून अशी केली की वर्षानुवर्षं कोणाचे तरी हात लागलेत असं वाटावं. पंप खरोखर हवा मारत होता. युनिटची माणसं येऊन त्याच्यासमोर तोंड धरून वारा घ्यायची. काका ओरडायचे, "अरे भाई, कूलर नहीं है ये!" पण खूश असायचे. काकू मला म्हणाल्या, "सुजाता, हे रिटायर झाल्यापासून यांना असं जेवताना मी नव्हतं पाहिलं."

मिस्त्रीचं काम करत होते नफीस भाई. लखनौच्या नाटकांतले जुने कलाकार, वय पंचेचाळीसच्या पुढे. सिनेमात तोवर दोन-तीनदा हवालदार आणि एकदा पोस्टमन झालेले. नऊ सीन त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाले होते. पहिल्या दिवशी त्यांनी पंप मारला आणि काकांनी डोळे मिटून घेतले.

"नफीस भाई, बुरा मत मानिए. ये आप दिखा रहे हैं."

"तो क्या करूँ, हुज़ूर?"

"दम लग रहा है, वो छुपाइए. काम करने वाला थकान दिखाता नहीं. अगला साँस कहाँ से लाना है, बस वो देखता है."

मग रोज सकाळी शूटिंगच्या आधी दोघांची तालीम. काका त्यांचे खांदे धरून खाली दाबायचे, कोपर आत घ्यायला सांगायचे. नफीस भाईंच्या तळहातांना फोड आले. काकांनी त्यांना हळद लावून दिली आणि सांगितलं, "अब बराबर है." इतक्या वर्षांत हे वाक्य 'नाही' शिवाय मी पहिल्यांदाच ऐकलं.

मिस्त्रीचा शेवटचा सीन झाला त्या दिवशी शेडमध्ये साठ-सत्तर माणसं होती. नफीस भाईंनी झाकण लावलं, पंपाशी बसले आणि सुरू झाले. एक शब्द नाही. साहेबांनी 'कट' म्हणायला हवं तिथे म्हटलंच नाही. नफीस भाई मारत राहिले, हळू होत गेले, पुन्हा सावरले, पुन्हा हळू झाले. शेवटी 'कट' आलं. साहेब धावत जाऊन त्यांना बिलगले, मग काकांना बिलगले. "अंकल, पिक्चर की जान है ये सीन." काका रुमालाने चष्मा पुसत होते. मला म्हणाले, "तुह्या बाबाले सांग आज. मी नाही सांगू शकत."

युनिट मुंबईला परत गेलं. मी पुढच्या कामाला लागले. सहा-सात महिन्यांनी संकलन विभागातल्या एका मैत्रिणीचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला, आणि बोलता बोलता ती म्हणाली की मिस्त्रीचा ट्रॅक काढून टाकला. सिनेमा लांब होत होता. पंपाचा प्रसंग आता हिरोला दिलाय, वेगळा शूट केला, मुंबईत. मी विचारलं, सगळे नऊ सीन? ती म्हणाली, सगळे.

त्या दिवशीच काकांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, बदलेल अजून, अशा गोष्टी बदलतात. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, फोनवर नको, भेटून सांगू. भेटले तेव्हा घरात पाहुणे होते. असं करत तीन महिने गेले. काका दर रविवारी फोन करायचे. "कधी येऊन राहिला आपला सिनेमा?" मी म्हणायचे, "येईल काका, लवकरच." आणि फोन ठेवून स्वतःवरच चडफडायचे. साहेबांना मी चार मेसेज केले, की अंकलना आणि नफीस भाईंना तुम्ही कळवाल का. दोनदा निळी खूण आली, उत्तर नाही. त्यांच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "दीदी, ये सब होता रहता है."

सिनेमा लागला त्या पहिल्या रविवारी सकाळच्या खेळाला काकांनी वीसेक माणसं गोळा केली. कारखान्यातले जुने सोबती, विहारातली मंडळी, गल्लीतली दोन घरं, माझे आई-बाबा. मॉलच्या सरकत्या जिन्याखाली मी त्यांना गाठलं. ठरवून आले होते की आत जाण्याआधी सांगायचं. काका सगळ्यांना हाताने मोजत होते, कोणी मागे राहिलं नाही ना म्हणून. नवा शर्ट होता. मला पाहून म्हणाले, "ये ये. तू माह्या बाजूले बस." आणि मी जाऊन बाजूला बसले.

जहाज दिसलं. दरवाजा आत उघडला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "गजभिये साहब, दरवाज़ा!" सगळे हसले, काकाही हसले. मग नफीस भाई दिसले, पाठीमागून, एक पेटी उचलून नेताना. काकांनी माझा हात दाबला. त्यानंतर जंगलं आली, बुडालेलं शहर आलं, दोन गाणी आली. मध्यंतर झालं. सगळे पॉपकॉर्न आणायला उठले. काका उठले नाहीत.

"इंटरवलनंतर आहे न तो?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही, काका."

"म्हणजे?"

"काढलाय. सगळाच."

ते पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी एखादं माप सांगितलं आणि ते त्यांनी टिपून घेतलं. सिनेमा पुन्हा सुरू झाला. पंप आला तेव्हा तो हिरो मारत होता, उघड्या अंगाने, कपाळावरच्या बटा झटकत. पंपही काकांचा नव्हता, तसाच दिसणारा दुसरा कुठलातरी. शेवटी नावं सरकायला लागली आणि 'विशेष आभार' मध्ये काकांचं नाव आलं, अगदी बरोबर लिहिलेलं. आमच्या सगळ्या रांगा टाळ्या वाजवायला लागल्या. काका उभे राहून नावं वाचत होते, शेवटपर्यंत. स्क्रीन काळी झाली तेव्हा म्हणाले, "नफीसचं नाव कुठं आहे?"

नव्हतं.

"त्याले कोणी सांगितलं?"

मी खाली वाकून पर्स शोधायला लागले.

"सुजाता, मी तुले विचारून राहिलो. त्याले सांगितलं का कोणी?"

"मला माहीत नाही, काका. बहुतेक नाही."

"चाल मग."

बाहेर लोक त्यांचं अभिनंदन करायला थांबले होते. त्यांनी सगळ्यांना हात जोडले, काकूंना माझ्या आईबरोबर घरी पाठवलं आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले. जुन्या लखनौतल्या चौक भागात, नफीस भाईंच्या गल्लीत पोचेपर्यंत ते फक्त एकदा बोलले. "मी नाही सांगणार. तू सांग. तुह्या तोंडानं."

नफीस भाईंच्या दारात चपलांची रांग होती. ते दुपारच्या खेळाला निघायच्या तयारीत होते. बायको, दोन मुली, मेहुणा, आणि खुर्चीत बसलेली म्हातारी अम्मी, डोळ्यांत सुरमा घालून. आम्हाला पाहून नफीस भाई धावत आले. "अरे उस्ताद! आप देख आए? कैसा है?"

काका बाजूला सरकले. मी पुढे झाले. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. लांबी, संकलन, निर्माते, असे शब्द वापरले असणार. नफीस भाई ऐकत होते आणि त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "वो पंप वाला भी?"

"वो भी."

"अच्छा." मग म्हणाले, "आपने बड़ी ज़हमत की, ख़ुद चलकर आईं. वरना कौन आता है. चाय पिए बग़ैर न जाइएगा."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. आतून अम्मीने हाक मारली, "नफीस, कितने बजे चलना है बेटा?" नफीस भाई म्हणाले, "अम्मी, आज गर्मी बहुत है. आज नहीं जाते." मुलगी दुपट्टा घडी करायला लागली. तेव्हा काका पुढे झाले आणि त्यांनी नफीस भाईंचे दोन्ही हात धरले. तळव्यांवरच्या खुणा अजून होत्या. काका म्हणाले, "मैंने देखा है आपका काम. साठ लोगों ने देखा है. वो हुआ है, नफीस भाई. काटने से ऐसा थोड़ी है कि हुआ नहीं." नफीस भाई त्यावर मान डोलावत राहिले. चहा आला. आम्ही प्यायलो. काकांनी चहाबद्दल काही म्हटलं नाही.

त्यानंतर काका चार-पाच दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग पत्रं लिहायला बसले. डायरेक्टर साहेबांना दोन पानी पत्र, हिंदीत, रेल्वेच्या जुन्या चौकटीच्या कागदावर. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. एवढंच, की ज्या कलाकाराने काम केलं त्याचं नाव तरी घाला, आणि तो प्रसंग त्याला एकदा बघायला तरी द्या. उत्तर नाही. दुसरं पत्र पाठवलं. उत्तर नाही. तिसऱ्याला ऑफिसातून ईमेल आला, माझ्या पत्त्यावर: आमच्या चित्रपटावर दाखवलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. मी छापून नेऊन दिला. काकांनी तो दोनदा वाचला, मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाले, "यानं पत्र वाचलंच नाही." मला इतका संताप आला की मी तिथेच रडायला लागले. काका उठून आत गेले आणि पाणी घेऊन आले. पण 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. ते तसं कधीच म्हणत नसत.

पंप तरी परत मिळावा म्हणून आम्ही सरोजिनी नगरला गेलो. शेडमध्ये आता टाइल्सचं गोदाम होतं. चौकीदार म्हणाला, तोडफोड झाली तेव्हा सगळं लोखंड कोणीतरी गाडीत घालून नेलं. काका शेडच्या मागे जाऊन बघून आले. गवतात फायबरचे तुकडे पडले होते. पायाने ते बाजूला करत त्यांनी बराच वेळ शोधलं. मी उन्हात उभी होते आणि मनात एकच येत होतं, की मी या माणसाला इथे आणलंच नसतं तर.

त्या हिवाळ्याआधी काका-काकू नागपूरला मुलीकडे राहायला गेले. काकूंचे गुडघे दुखत होते, इथला जिना झेपेना. निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधायला गेले. काका खोक्यांना दोरी बांधत होते, मी गाठीवर बोट धरत होते. मी धीर करून म्हणाले, "काका, तुम्ही रागावलात का माझ्यावर?"

ते गाठ मारून झाल्यावर बोलले. "राग नाही. सिनेमा तू नाही कापला. पण तीन महिने तो माणूस आईले सांगून राहिला, की अम्मी, माझं काम येऊन राहिलं. त्यातला एकेक दिवस तू त्याले वाचवू शकत होती. फोन एकच लागत होता."

"मला वाटलं, वाईट बातमी आहे..."

"वाईटच होती. म्हणूनच लवकर द्याले पाहिजे होती." मग त्यांनी पुढचं खोकं ओढलं. "बोट ठेव."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही पुन्हा विचारलं नाही. स्टेशनवर त्यांनी डब्याच्या खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडी हलली तेव्हा काकू रडत होत्या आणि काका खाली वाकून चाकांचा आवाज ऐकत होते.

नागपूरला गेल्यावर ते दीड वर्ष जगले. फोनवर बोलायचे. प्रत्येक वेळी नफीस भाईंची चौकशी करायचे, कुठे नाटक लागलंय का विचारायचे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले. नफीस भाईंना मी त्याच सकाळी घरी जाऊन सांगितलं.

परवा अशीच एका मालिकेच्या ऑफिसात बसले असताना कळलं की जानकीपुरमला राहणाऱ्या एका शिक्षिकेने केलेला रोल कापून टाकलाय. नर्सचा होता, तीन भागांचा. शाळेतून रजा घेऊन येऊन तिने तो केला होता. मी फोन उचलला तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, "सुजाता, तुम्हारा काम नहीं है ये. पता चल ही जाएगा." मी बाहेर गॅलरीत आले आणि नंबर लावला. तिने आनंदानेच उचलला. मी जे होतं ते सांगितलं. पलीकडे मुलं पाढे म्हणत होती, तिने बहुतेक वर्गाबाहेर येऊन दार ओढून घेतलं. मग विचारलं, "दीदी, पूरा कट गया, या थोड़ा-बहुत है?"

एका गर्दीच्या दृश्यात ती कोपऱ्यात दिसते, हे मला माहीत होतं. ते सांगून टाकावं असं फार वाटलं. पण पेटी उचलून नेणारे नफीस भाईही पडद्यावर असेच दिसले होते.

"पूरा," मी म्हणाले, आणि ती फोन ठेवेपर्यंत थांबले.